फ्लॅट भाड्याने देताय? या चुका टाळा

चावी देण्याच्या दिवशी कागदपत्रांचा कंटाळा केला की त्याची वसुली चावी परत घेताना होते. एक-दोन फ्लॅट असणाऱ्या मालकांच्या तक्रारी ऐकल्या तर त्यातल्या बऱ्याचशा त्या एका दिवसापाशी येऊन थांबतात. इथलं सगळं महाराष्ट्रातल्या सोसायटीतल्या फ्लॅटला धरून आहे. दुसऱ्या राज्यात नियम वेगळे आहेत.

नोटरी केली म्हणजे झालं

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज काही केल्या जात नाही. तो केंद्राच्या नोंदणी कायद्यातून आलाय. तिथे एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ आहे आणि ते मुदत बघत नाही. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून जास्त झोंबणारी गोष्ट अशी की वाद झालाच, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरलं जातं. तुम्ही म्हणाल बावीस हजार ठरले होते, तो म्हणेल पंधरा. सिद्ध करत बसायचं तुम्ही.

हे सगळं किती पैसे वाचवायला? हिशोब बघा. भाडं २०,००० रुपये, परत करायची अनामत ६०,०००, मुदत ११ महिने. भाडं झालं २,२०,०००. अनामतीवर दरसाल १० टक्के व्याज धरायचं, ते ११ महिन्यांचं ५,५००. एकूण २,२५,५०० वर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे ५६४ रुपये. वर पूर्णांक करून सहाशे धरा. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. दस्त हाताळणीचं शुल्क आणि एजंट घरी येऊन अंगठे घेणार असेल तर त्याची फी वेगळी. एका महिन्याच्या भाड्याच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे, आणि ती दोघांनी निम्मी निम्मी भरायची पद्धतही रूढ आहे.

ऑनलाइन नोंदणी करताना घाईत तीन गोष्टी चुकतात. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो आणि अंगठा एकाचाच घेतला जातो. दोघंही मालक म्हणून करारात यायला हवेत. दुसरं, फ्लॅट नंबर आणि विंग एजंट तोंडी ऐकून टाकतो. सूची क्रमांक २ (फ्लॅटच्या खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा, इंडेक्स टू) आणि वीजबिल समोर ठेवून मसुदा वाचा, अंगठा त्यानंतर. तिसरं म्हणजे दरवर्षीची वाढ. ‘परस्पर संमतीने वाढ होईल’ असं लिहिलं की वाढ होत नाही. ‘बाराव्या महिन्यापासून २१,०००’ असं आकड्यात लिहा. भाडेकरू टिकाऊ वाटत असेल तर एकदम ३३ महिन्यांचा करार करता येतो, दर अकरा महिन्यांनी धावपळ नको.

करारात एक, घरात चार

कॉलेजच्या किंवा आयटीतल्या मुलांना फ्लॅट देताना हे हमखास होतं. करारावर एकाचीच सही, राहणार चौघं. सहा महिन्यांनी सही केलेल्याला बंगळुरूला नोकरी लागते, तो जातो, आणि त्याच्या जागी कुणाचा तरी मित्र येतो. ‘काका, आपला रोहन गेला, पण भाडं वेळेवर येतंय ना?’ येतं खरं, पण आता तुमच्या घरात राहणाऱ्या एकाही माणसाशी तुमचा करार नाही. पोलिसांना दिलेली माहितीही जुनी झाली.

चौघांनाही परवानाधारक, म्हणजे राहायची परवानगी मिळालेले, म्हणून करारात घ्या. प्रत्येकाचं आधार, पॅन, नोकरीचा किंवा कॉलेजचा पुरावा आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर घ्या. एक कलम असं टाका की भाड्याची संपूर्ण जबाबदारी चौघांची एकत्र आणि प्रत्येकाची स्वतंत्रही. नाहीतर एक जण जातो आणि उरलेले तिघं ‘आमचा वाटा एवढाच’ म्हणत पाऊण भाडं देत राहतात. माणूस बदलला तर जुना करार रद्द करून नवा करायचा. दीड-दोन हजार जातात, जाऊ द्या.

मुदत संपली, माणूस तिथेच

नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्स कराराचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या या भाडेकराराचा, खरा उपयोग इथे होतो. त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर ताबा सोडला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि तोवरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने बचावाची परवानगी मागितली नाही, तर ताब्याचा आदेश होतो. दिवाणी दाव्याच्या मानाने हा रस्ता बराच जवळचा.

तो बंद होतो मालकांच्याच दोन सवयींमुळे. एक, करार संपल्यावर नवा न करता वर्षानुवर्षं भाडं घेत राहणं. मग माणूस कशाच्या आधारावर राहतोय हाच वादाचा विषय होतो. मुदत संपायच्या दोन महिने आधीची तारीख फोनमध्ये लावून ठेवा. नूतनीकरण करायचं की नाही ते त्या दिवशी लेखी कळवा, रजिस्टर्ड पोस्टाने आणि व्हॉट्सॲपवरही. नूतनीकरण म्हणजे पुन्हा नोंदणी.

दुसरी सवय म्हणजे चिडून पाणी बंद करणं, मीटरचा स्विच पाडणं, कुलूप बदलणं. कलम २९ अत्यावश्यक सोयी तोडायला मनाई करतं. कुलूप बदललं की पोलिस ठाण्यात तक्रारदार तो होतो, तुम्ही नाही. बाजू कितीही खरी असली तरी हे करू नका.

सोसायटी आणि पोलिस ठाणं

बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ती जादा रक्कम, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे २००१ च्या शासन निर्णयातच आहे. हे १० टक्के महापालिकेचा कर वगळून उरणाऱ्या सेवाशुल्कावर मोजायचे, पूर्ण मेंटेनन्सवर नाही. ‘भाडेकरू ठेवलाय, महिन्याला दोन हजार जास्त’ असा ठराव सोसायटीने केला असेल तर लेखी हरकत घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणं मात्र टाळू नका. शहर पोलिसांच्या संकेतस्थळावर ते होतं. पोचपावतीची प्रत सोसायटीला द्या.

वीजबिल आणि अनामत

‘शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करून घ्या’ याला होकार देणं ही सगळ्यात महाग पडणारी सवलत. त्यानंतर तुमच्या हातात काहीच उरत नाही. शेवटचं वीजबिल माणूस गेल्यावर येतं आणि फुटलेलं बेसिन सामान हलल्यावर दिसतं. अनामतीतून भाडं वळतं होणार नाही आणि ताबा मिळाल्यावर इतक्या दिवसांत हिशोब होईल, ही दोन्ही वाक्यं करारात हवीत.

मीटर तुमच्या नावावर, म्हणून थकबाकीही तुमच्याच नावावर. महावितरणच्या ग्राहक क्रमांकाला भाडेकरूचा नाही, स्वतःचा मोबाइल जोडा. वीजपुरवठा तोडायच्या आधी १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते, ती तुम्हाला दिसायला हवी. काही फ्लॅटचं बिल अजून बिल्डरच्या नावाने येतं, ते आधी बदलून घ्या. चावी देताना आणि परत घेताना मीटरचा फोटो काढा, आकडा आणि मीटर नंबर एकाच चौकटीत. शेवटच्या बिलासाठी मागच्या रीडिंगपासूनचे युनिट काढून रक्कम दोघांनी मिळून ठरवा आणि तेवढीच राखून ठेवा. अख्खी अनामत महिनाभर अडकवू नका, भांडण तिथूनच सुरू होतं.

एका बिलावरून मात्र मालकच चुकीचं भांडतात. महावितरण वर्षातून एकदा अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल पाठवतं. ते वापरावर निघतं, म्हणून भाडेकरूने भरावं असं वाटतं. पण ती ठेव तुमच्या ग्राहक क्रमांकावर जमा राहते आणि तिचं व्याजही तुमच्याच बिलात वळतं होतं. भरायचं तुम्ही.

खालच्या मजल्यावर ओल

भाडेकरू म्हणतो मी काही केलं नाही, खालचे म्हणतात छत टपकतंय, प्लंबर येतो आणि पहिल्याच भेटीत सगळ्या फरशा फोडायला सांगतो. थांबा. आधी गळती कुठली ते शोधा.

दोन दिवस त्या बाथरूमचा वापर बंद ठेवायला सांगा, पाण्याचा कॉक चालू राहू द्या. ओल तशीच राहिली तर भिंतीतली पाण्याची लाइन गळत असण्याची शक्यता जास्त. खात्रीसाठी आता कॉक बंद करून बघा. वापर बंद केल्यावर ओल कमी झाली, तर दोष सांडपाण्याच्या बाजूचा किंवा फरशीच्या सांध्यांचा. मग नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीवरचं पाणी जाणाऱ्या जाळीखालच्या भांड्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवा, जमिनीवर दीड-दोन इंच पाणी साठवा आणि २४ तास ठेवा. खाली ओल वाढली तर पाणी सांध्यांतून किंवा ट्रॅपच्या कडेने झिरपतंय. वाढली नाही, तर बोळा काढून बादलीभर पाणी एकदम सोडा. तेव्हा ओल आली तर ट्रॅपच्या खालचा जोड गेलाय.

सांधे गेले असतील तर ते खरवडून एपॉक्सी ग्राउट भरा. व्हाइट सिमेंट वर्षभरात पुन्हा चिरतं. ट्रॅपचा जोड गेला असेल तर तेवढाच भाग फोडावा लागतो, आणि परत बुजवताना वॉटरप्रूफिंग केल्याशिवाय फरशी बसवू देऊ नका. हा खर्च मालकाचा. भाडेकरूवर ढकलला तर पुढच्या वेळी तो ओल लपवेल आणि तुम्हाला कळेल तेव्हा खालच्यांचं पीओपी गेलेलं असेल. करारात एवढंच लिहा की हजार रुपयांपर्यंतची किरकोळ दुरुस्ती, म्हणजे नळाचा वॉशर, ट्यूब, जेट स्प्रे, भाडेकरूची, आणि गळती दिसल्यास त्याने लगेच लेखी कळवायचं.

कराचं थोडक्यात

भाड्याच्या उत्पन्नातून मालमत्ता कर वजा होतो, पण तो मालकाने त्याच वर्षात प्रत्यक्ष भरलेला असला तरच. उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, रंगकामाच्या पावत्या जपायची गरज नाही. भाडं महिना ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरूने भाडं देतानाच २ टक्के टीडीएस (उगमस्थानी करकपात) कापायचा असतो, त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. मालक परदेशात स्थायिक असेल तर ही मर्यादाच नाही. भाडं दहा हजार असलं तरी भाडेकरूला अनिवासी दराने, म्हणजे उपकरासह ३१.२ टक्के किंवा अधिभार लागत असल्यास त्याहून जास्त, कर कापावा लागतो. दुबईतल्या किंवा न्यू जर्सीतल्या मालकाने हे आधीच सांगितलं नाही, तर नोटीस बिचाऱ्या भाडेकरूला येते.