विंडोज पुसण्याआधी गेमांची यादी काढा

आमचा पीसी २०१५ सालचा. चौथ्या पिढीचा आय-५, १६ जीबी रॅम आणि मागाहून सेकंडहँड घेतलेलं एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड, जीटीएक्स १०५० टीआय. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, आता काढून टाका." ठणठणीत चालणारं मशीन काढू कशाला? मी त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. पोरं झोपली की रात्री तासभर खेळते, ते आजही चालू आहे.

पण लिनक्स बसवायचा पेनड्राइव्ह तयार करणं हे पहिलं काम नाही. वही घ्या आणि गेल्या सहा महिन्यांत खरोखर खेळलात तेवढेच गेम लिहा. मग एकेक नाव प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर शोधा. तिथे लोक आपापलं कार्ड आणि डिस्ट्रो (मिंटसारखा लिनक्सचा प्रकार) सांगून गेम कसा चालला ते लिहितात. प्लॅटिनम, गोल्ड असेल तर निर्धास्त राहा. 'बोर्क्ड', म्हणजे चालतच नाही, असं दिसलं तर नाद सोडा. वरच्या पदकापेक्षा खालचे ताजे अभिप्राय वाचा.

सगळी मेख ऑनलाइन गेमांत आहे. माझा भाचा व्हॅलोरंट खेळतो. त्या गेमचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट (फसवून खेळणारे पकडणारं सॉफ्टवेअर) विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, जाऊन बसतं, त्यामुळे लिनक्सवर तो गेम चालतच नाही. फोर्टनाइटही लिनक्सवर चालत नाही. एपेक्स लेजेंड्स चालायचा, पण २०२४ मध्ये कंपनीनेच दार बंद केलं. म्हणजे आज चालतोय तो उद्या चालेलच असं नाही. भाच्याला मी सरळ सांगितलं, "बाळा, तू विंडोजवरच राहा." उलट काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ थेट लिनक्सवर चालतात, त्यातला काउंटर-स्ट्राइक २ मॅकवर नाहीच. प्लेस्टेशनवर ही कटकट नाही हे मान्य, पण स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून सेलमध्ये जमवलेले माझे गेम तिथे पुन्हा विकत कोण घेणार?

एकट्याने खेळायचे बहुतेक गेम मात्र चालतात. ते श्रेय प्रोटॉनचं, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. स्टीमच्याच कंपनीने, व्हॉल्व्हने, २०१८ मध्ये तो स्टीममध्ये आणला. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन हा त्याचा पाया, आणि सोबत डीएक्सव्हीके नावाचा दुभाषा. गेम डायरेक्टएक्स या विंडोजच्या ग्राफिक्स-भाषेत बोलतो, हा ते लिनक्सला कळणाऱ्या वल्कनमध्ये सांगतो. प्रोसेसर तोच असल्यामुळे नक्कल करावी लागत नाही, म्हणून वेग फारसा पडत नाही. डायरेक्टएक्स १२ चे गेम एनव्हिडियावर विंडोजपेक्षा मागे पडतात, हे माझ्या कार्डावरही जाणवतं.

आता बसवणं. मिंट टाकल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडा, 'रेकमेंडेड' लिहिलेला एनव्हिडिया ड्रायव्हर निवडा. माझ्या कार्डाच्या पिढीला ५८० ही शेवटची मालिका, त्यापुढची घेऊ नका. सिक्युअर बूट (सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना पासवर्ड मागतील आणि रीस्टार्टला निळा पडदा येईल. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्या. घाईत पुढे गेलात तर ड्रायव्हर लागत नाही. एएमडीवाल्यांना यातलं काहीच करावं लागत नाही.

स्टीम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या, पण 'सिस्टीम पॅकेज' हा पर्याय निवडून. दुसरा पर्याय फ्लॅटपॅकचा, त्यात प्रोग्राम बाकी सिस्टीमपासून वेगळा ठेवलेला असतो; त्याला वेगळी परवानगी दिल्याशिवाय दुसरी डिस्क दिसत नाही.

दुसऱ्या डिस्कवरूनच माझा अख्खा रविवार गेला. जुन्या हार्ड डिस्कवर विंडोजमधले गेम तयार होते, म्हटलं तोच फोल्डर स्टीमला दाखवू, डाउनलोड वाचेल. गेम दिसले. 'प्ले' दाबलं, बटण 'स्टॉप' झालं आणि दोन सेकंदांत पुन्हा 'प्ले'. ना एरर, ना काही. ड्रायव्हर बदलला, प्रोटॉन बदलला, चहा तीनदा झाला. दोष डिस्कच्या एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटचा होता. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी खोटी सी ड्राइव्ह उभारतो आणि तिच्यात विसर्गासारखे दोन टिंब असलेल्या नावांचे दुवे करतो. विंडोजला फाइलच्या नावात ते चिन्ह चालत नाही, मग पुढे डिस्क तपासणीत तक्रारी सुरू. तेव्हा गेमांची डिस्क एक्स्ट-४ या लिनक्सच्या फॉरमॅटमध्येच फॉरमॅट करा. आधी त्यावरचे फोटो बाजूला काढा, हे सांगायला नको.

पहिल्यांदा गेम उघडताना 'शेडर' (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) तयार होत असल्याचा संदेश येतो. तो होऊ द्या. 'स्किप' केलंत तर खेळताना झटके बसतात. गेम उघडलाच नाही तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटी उघडून प्रोटॉनची दुसरी आवृत्ती लावून बघा, बहुतेक वेळा 'एक्सपेरिमेंटल'ने काम होतं. एपिक आणि जीओजी या दुसऱ्या गेम-दुकानांतले गेम हिरोइक लाँचर या प्रोग्रामने घ्या.

एखादा गेम हट्टालाच पेटला तर स्टीमच्या 'कम्पॅटडेटा' फोल्डरमधला (खोटी सी ड्राइव्ह याच्यातच असते) त्याच्या क्रमांकाचा फोल्डर उडवा असा सल्ला मिळेल. सल्ला बरोबर आहे. फक्त ज्या गेमांची प्रगती इंटरनेटवर (क्लाउडवर) जपली जात नाही, त्यांचे सेव्ह त्याच फोल्डरात, 'स्टीमयूजर'च्या आत असतात. ते आधी कॉपी करून ठेवा. माझं चाळीस तासांचं शेत असंच गेलं.