सीएएस क्रमांकाने शोधूनही पेपर सुटत होते: उपाय सापडला

विद्यापीठाच्या ग्रंथालयातून रसायनशास्त्राच्या डेटाबेसमध्ये आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधावरचे पेपर शोधत होतो. सीएएस क्रमांक (रासायनिक पदार्थाचा ओळख क्रमांक) 15687-27-1 टाकला की निकाल यायचे, पण माझ्याकडे छापील असलेले काही पेपर त्यात नसायचे. नावाची वेगवेगळी रूपं, वर्षांची मर्यादा काढणं, ब्राउझर बदलणं, कशानेच फरक पडेना. फार वैताग आला होता.

कारण असं की वरचा क्रमांक रेसिमिक मिश्रणाचा, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारख्या आर आणि एस या दोन रूपांच्या समसमान मिश्रणाचा. एस-रूपाचा क्रमांक 51146-56-6, सोडियम क्षाराचा 31121-93-4. लेखकाने वापरलेल्या रूपानुसार नोंद वेगळ्या क्रमांकाखाली जाते.

आधी पबकेम हा रासायनिक संयुगांचा ऑनलाइन डेटाबेस उघडा (तो मोफत आहे), संयुगाच्या पानावरून इंची-की (रेणूच्या रचनेवरून बनवलेला सांकेतिक ओळखशब्द) कॉपी करा. ही 27 चिन्हांची असते. पहिल्या डॅशच्या आधीची 14 अक्षरंच ठेवा, बाकी खोडा. या तुकड्यात फक्त अणूंच्या जोडणीचा सांगाडा असतो, त्रिमितीय रचना पुढच्या तुकड्यात. तो तुकडा पबकेमच्या शोधचौकटीत टाकला की आर, एस आणि रेसिमिक अशी सगळी रूपं एकत्र येतात. क्षार मात्र यात येत नाहीत, कारण सोडियममुळे पहिला तुकडाच बदलतो. ते संयुगाच्या पानावरच्या संबंधित संयुगांच्या भागातून घ्यावे लागतात, आणि हीच पायरी सहज राहून जाते.

मग या सगळ्या रूपांचे आणि क्षारांचे सीएएस क्रमांक डॅशसकट 'ऑर'ने (OR) जोडून ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये एकदम शोधा. माझे सुटलेले पेपर लगेच आले.