सॅटेलाइटवरून वणव्याच्या धुराचा माग काढायला शिकायचंय? सुरुवात अशी करा

रिमोट सेन्सिंगला, म्हणजे सॅटेलाइटवरून पृथ्वी अभ्यासण्याच्या विषयाला, नवीन आलेली मुलं-मुली सारखी विचारतात की आधी पायथन शिकू की मशीन लर्निंगचा कोर्स लावू. मी सगळ्यांना एकच सांगते, आधी एक मोठी आग निवडा आणि तिचा धूर उठल्यापासून विरेपर्यंत नुसता डोळ्यांनी बघा, कोड नंतर.

जून २०२३ चे कॅनडातले वणवे घ्या. क्यूबेकमध्ये महिन्याच्या सुरुवातीला विजा पडून एकाच वेळी कितीतरी ठिकाणी जंगल पेटलं, त्यात किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र अडून बसलं, त्याभोवती घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या वाऱ्याने सगळा धूर खाली दक्षिणेला ढकलला आणि ७ जूनला न्यूयॉर्कचं आकाश भर दुपारी नारिंगी झालं. नासाच्या वर्ल्डव्ह्यू या सॅटेलाइट फोटोंच्या वेबसाइटवर ती तारीख टाका, फुकट आहे, वर आगीच्या लाल ठिपक्यांचा लेयर लावा. ढग पांढरेफेक दिसतील, धूर करडा-तपकिरी आणि त्याच्या आरपार जमीन अंधुकशी दिसते, ही नजर बसायला वेळ लागतो पण ती बसलीच पाहिजे.

मग गोज-१६ या अमेरिकेच्या हवामान सॅटेलाइटचा त्याच दिवसाचा लूप, म्हणजे ओळीने चालणारे फोटो, बघा (२०२५ पासून त्याच्या जागी गोज-१९ आहे). तेव्हा तो अमेरिकेवर दर ५ मिनिटांनी फोटो काढायचा, आणि ०.४७ मायक्रॉनच्या निळ्या बँडमध्ये (निळ्या प्रकाशाच्या फोटोत) धूर छान उठून दिसतो, त्यातही सकाळ-संध्याकाळ सूर्य खाली असताना जास्तच. दुपारी तोच धूर फिका पडतो, म्हणून लगेच धूर कमी झाला असं रिपोर्टमध्ये लिहून मोकळं व्हायचं नाही.

आता खरा मुद्दा, उंची. सॅटेलाइट वरून खाली बघतो, त्याला अख्खा थर एकत्रच दिसतो, धूर जमिनीलगत आहे की ४-५ किलोमीटर वर हे साध्या फोटोत कळत नाही. त्याच जूनच्या शेवटी कॅनडाचा धूर अटलांटिक ओलांडून पोर्तुगाल-स्पेनपर्यंत गेला, फोटोत पट्टा ठळक होता, पण बराचसा धूर उंचावर होता त्यामुळे खाली मुख्यतः धूसर आकाश आणि लालभडक सूर्यास्त, न्यूयॉर्कमध्ये मात्र तो थेट लोकांच्या नाकात गेला. खाली दमेकरी आहेत, लहान मुलं आहेत, म्हणून जमिनीवरच्या पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) मॉनिटरचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय हवा वाईट आहे असं म्हणू नका, चांगली आहे असंही नको. उंचीसाठी लायडार, म्हणजे लेसर सोडून उंची मोजणारं उपकरण, लागतो; ते असलेल्या कॅलिप्सो सॅटेलाइटचं काम २०२३ मध्येच थांबलं, आता २०२४ ला वर गेलेला अर्थकेअर आहे. सेंटिनेल-५पी या सॅटेलाइटचा एरोसोल इंडेक्स (हवेतल्या धूर-धुळीच्या कणांचा निर्देशांक) हाही शिका, ढगावरून चाललेला धूर त्यात सापडतो.

पायथन, त्यातली एक्सअॅरे लायब्ररी, नेटसीडीएफ हा डेटा फाइलचा प्रकार हे सगळं लागतंच, पण डोक्यात प्रश्न तयार असला की ते पटापट येतं.

पहिला अभ्यास म्हणून नोआ या अमेरिकी हवामान संस्थेचं हायस्प्लिट, म्हणजे हवा कुठून कुठे गेली हे काढणारं मॉडेल, ब्राउझरमध्ये उघडा, न्यूयॉर्क, ७ जून, आणि ५०० मीटर व ३००० मीटर अशा दोन उंचींवरून हवेचा उलटा मार्ग, म्हणजे ती कुठून आली ते, काढा. मग दोन्ही रेषा त्या लाल ठिपक्यांवर ठेवून बघा, कुठली क्यूबेकच्या आगींवरून जाते आणि कुठली दुसरीकडेच वळते.