‘माझा!’ ही हाक वेळेवर द्या

सांगली-मिरज परिसरात मातीच्या मैदानावर संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळताना हौशी संघ गुण गमावतात ते बहुधा जोरदार स्मॅशमुळे नव्हे, तर दोघांच्या मधोमध पडलेल्या आणि कोणीच न घेतलेल्या चेंडूमुळे. म्हणून सर्व्हिसचा चेंडू जाळ्यावरून येत असतानाच, तो खाली उतरू लागण्यापूर्वी, ज्याला तो घ्यायचा आहे त्याने ‘माझा’ असे मोठ्याने म्हणावे आणि एकदा हाक दिल्यावर माघार घेऊ नये. इतरांनी ‘सोड’ किंवा ‘आऊट’ एवढेच सांगावे. मात्र रेषेला चेंडूचा निसटता स्पर्श झाला तरी तो आतच धरला जातो, त्यामुळे फक्की पुसट झालेली असताना ‘आऊट’ ओरडण्याची घाई महागात पडते.

या हाकेचा नियमांशीही थेट संबंध आहे. चेंडू परतवण्यासाठी संघाला ३ स्पर्श मिळतात आणि ब्लॉकचा, म्हणजे जाळ्यालगत हात उंचावून समोरचा फटका अडवतानाचा, स्पर्श त्यांत मोजला जात नाही. परंतु एकाच संघातील दोघांनी चेंडूला एकाच वेळी हात लावला, तर ब्लॉक वगळता ते २ स्पर्श ठरतात आणि हातात एकच उरतो. दोघे धडकले, पण चेंडूला एकाचाच हात लागला, तर स्पर्श एकच. नुसती धडक हा फाऊल नाही (गुडघे फुटतात ती गोष्ट वेगळी). चेंडू खेळताना दोन अँटेनांमधील (जाळ्याच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या उभ्या काठ्यांमधील) जाळ्याला लागणे आणि मधली रेषा पूर्ण पाऊल टाकून ओलांडणे हे मात्र फाऊलच होत. शिट्टीनंतर सर्व्हिस ८ सेकंदांत करावी लागते.