एक्सेल हँग झालं की आधी कॉपी, बाकी सगळं मग

गेल्या हंगामात भर सौद्याच्या दिवशी मार्केट यार्डातल्या आमच्या अडत दुकानात एक्सेल अडकलं. सकाळपासून भरलेल्या गुळाच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचे विक्रीचे हिशेब, त्या एकाच शीटमध्ये होत्या: रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन, दर, हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल. बाहेर बाकावर शेतकरी पट्टीची वाट बघत बसलेले. घाईत मी नको ते बटण दाबलं आणि दुपारपर्यंतचं काम गेलं. काट्याच्या पावत्या गोळा करून सगळं परत भरेपर्यंत अंधार पडला, आणि एका काकांची गावाकडची शेवटची एसटी चुकली. पाडव्याला मुहूर्ताचा सौदा निघायच्या आत ही तयारी करून ठेवा.

सगळ्यात आधी, काम नसलेल्या दिवशी, फाईल मेनूतल्या ऑप्शन्समध्ये सेव्हचं पान उघडा. ऑटोरिकव्हर, म्हणजे एक्सेल आपोआप ठेवतं ती तात्पुरती प्रत, मुळात दर 10 मिनिटांनी होतं. दहा मिनिटांत आमच्याकडं आठ-दहा पट्ट्या होतात, म्हणून ते 2 मिनिटांवर आणलंय. त्याच पानावर ऑटोरिकव्हरच्या फाईली कुठल्या फोल्डरमध्ये जातात तो पत्ता असतो. तो कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. ऐनवेळी सापडत नाही. आणि वर डाव्या कोपऱ्यात ऑटोसेव्ह दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका. ते वनड्राईव्ह किंवा शेअरपॉइंटवर ठेवलेल्या फाईललाच चालतं, डेस्कटॉपवरच्या फाईलला नाही. कंट्रोल-एसची सवय आणि यूपीएसची बॅटरी, हे सांगायला नको.

आता अडकलंच समजा. पहिलं काम, मोबाईल काढून स्क्रीनचा फोटो घ्या. दिसतायत त्या पंचवीस-तीस ओळी तरी हातात राहतात. मग थांबा. नॉट रिस्पॉन्डिंग लिहून आलं म्हणजे एक्सेल मेलं असं नव्हे. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. एक्सेलसमोरचा सीपीयूचा आकडा हलत असेल तर ते आत काम करतंय, पाच-दहा मिनिटं द्या. कधी कधी मागे एखादा प्रश्नाचा चौकोन उघडा राहिलेला असतो आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचं सगळं थांबतं. ऑल्ट-टॅबनं तेही बघा.

नाहीच हललं तर एंड टास्क, म्हणजे टास्क मॅनेजरमधून एक्सेल जबरदस्तीनं बंद, करावं लागेल, पण त्याआधी कॉपी. मॉनिटरला चिकटवलेल्या पत्त्यावर जा, ते आख्खं फोल्डर उचलून डेस्कटॉपवर पेस्ट करा. मूळ फाईलचीही कॉपी करा. एक्सेल अडकलेलं असतानाही हे करता येतं. बाहेरून कोणी कितीही ओरडू दे, आधी कॉपी.

पुन्हा उघडल्यावर डावीकडं डॉक्युमेंट रिकव्हरी येतं. एकाच फाईलच्या दोन-तीन प्रती, प्रत्येकीखाली वेळ. प्रत्येक प्रत उघडा आणि सेव्ह ॲज करून वेगळ्या नावानं ठेवा. कुठली बरोबर ते नंतर ठरवा. मी इथंच चुकलो. वरची एक उघडली, जुनी निघाली, चिडून रिकव्हरीचा चौकोन बंद केला. तेव्हा ते विचारतं, या फाईली नंतर बघायच्या की काढून टाकायच्या? मी काढून टाका म्हटलं. पाहिजे ती प्रत तिसरी होती. त्या प्रश्नाला उत्तर देताना बोट थांबवा. नंतर बघतो, हेच उत्तर. आणि कॉपी झाली असेल तर चुकीचं बटण दाबलं तरी काही जात नाही, म्हणून परत परत सांगतोय.

एवढं झाल्यावरच कारण शोधायला बसा. कंट्रोल दाबून धरून एक्सेल उघडा, सेफ मोडमध्ये उघडू का विचारेल. तिथं सुरळीत चाललं तर संशय ॲड-इनवर, म्हणजे एक्सेलला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर. ऑप्शन्समध्ये जाऊन एकेक बंद करत बघा, सगळी एकदम नको, नाहीतर दोषी कोण ते कळत नाही. कोरी फाईल नीट चालते आणि हीच अडकते, तर दोष फाईलमध्ये. कंट्रोल-एंड दाबा. आमचा कर्सर थेट शेवटच्या 10,48,576 व्या ओळीवर गेला, कारण कोणीतरी रंग तळापर्यंत भरला होता. खालच्या रिकाम्या ओळी डिलीट करून सेव्ह केलं, फाईल हलकी झाली. कालच्या ओळी कॉपी-पेस्ट करत गेलं की कंडिशनल फॉरमॅटिंगचे (आकड्यानुसार आपोआप रंग बदलायचे) नियमही थरावर थर साचतात, तेही साफ करा. प्रिंटरही बघा: नेहमीचा प्रिंटर नेटवर्कवरचा आणि बंद असेल तर एक्सेल त्याच्या उत्तरासाठी रखडतं. तात्पुरता पीडीएफवाला प्रिंटर डीफॉल्ट करून बघा.

कोणी म्हणेल कॅल्क्युलेशन मॅन्युअलवर टाका, वेग येतो. येतो, पण एफ9 दाबेपर्यंत बेरीज जुनीच राहते. त्या बेरजेवर शेतकऱ्याला पैसे दिले तर? आणि मॅन्युअलवरची फाईल आधी उघडली की मागून उघडलेल्या फाईलीही मॅन्युअलवरच चालतात. पट्टीच्या कॉम्प्युटरवर हे नकोच.

शेवटी मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं रिपेअर. आधी क्विक, भागलं नाही तर ऑनलाईन. ऑनलाईनला इंटरनेट लागतं, वेळ लागतो, आणि ज्या खात्यावर ऑफिस घेतलंय त्याचा ईमेल-पासवर्ड हाताशी लागतो. ऑफिस 2016 आणि 2019 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, ती असतील तर नव्याचं बघा. सी ड्राईव्हवर जागा, विंडोज अपडेट, दुपारी चालणारं अँटीव्हायरसचं स्कॅन, पेन ड्राईव्हवरूनच उघडलेली फाईल: एकेक तपासा. साधी फाईल कॉपी करतानाही मशीन अडकत असेल तर हार्ड डिस्क बघायला लावा. दुरुस्तीला मशीन देण्याआधी कॉपी, दुसऱ्या डिस्कवर.