वुलनगाँगची उडी: निघण्याआधी काय काय बघाल

पहिली तयारी बुकिंगच्याही आधीची. सिडनीतल्या मुक्कामाचा शेवटचा दिवस विमानातून पॅराशूटने मारायच्या या उडीसाठी, म्हणजे स्कायडायव्हिंगसाठी, ठेवू नका. वुलनगाँग सिडनीच्या दक्षिणेला साधारण ८० किलोमीटरवर, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला इलावाराचा उभा कडा. देखणं आहेच, पण त्यामुळेच इथे वाऱ्याचं राज्य चालतं. उन्हाळ्यात दुपारकडे ईशान्येचा समुद्री वारा चढतो. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेचा वारा कड्यावरून खाली कोसळतो आणि हवा खडबडीत करून टाकतो. म्हणून सकाळचा स्लॉट घ्या आणि त्यापुढचा एखादा दिवस मोकळा ठेवा. उडी रद्द झाली तर पैसे परत मिळणार की नुसती तारीख बदलून मिळणार, हे पैसे भरण्याआधी वाचा. भारतातून बरेचजण एप्रिल-मेच्या सुट्टीत येतात. तेव्हा तिथे शरद ऋतू असतो आणि हवा बहुधा चांगली मिळते.

दुसरी गोष्ट वजन. टँडम उडीत तुम्ही आणि इन्स्ट्रक्टर एकाच पॅराशूटखाली असता, त्यामुळे वजनाची मर्यादा पक्की असते आणि एका आकड्यापुढे जास्तीचे पैसे पडतात. फॉर्ममध्ये मनातलं वजन लिहू नका, तिथे काटा असतो आणि तो कपडे-बुटांसकट मोजतो. याच फॉर्ममध्ये तब्येतीचे प्रश्न येतात. ब्लड प्रेशर, हृदय, फिट्स, मधुमेह, पाठीचं जुनं दुखणं, पूर्वी निखळलेला खांदा, गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर भारतातून निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला आणि लागलं तर इंग्रजीत पत्र घ्या. सिडनीत आयत्या वेळी डॉक्टर गाठणं महागात जातं. प्रवास विम्याचे कागदही तेव्हाच काढा. पुष्कळ पॉलिसींत स्कायडायव्हिंग वगळलेलं असतं, आणि ते बारीक अक्षरात असतं.

सर्दीकडे मात्र कुणी गंभीरपणे बघत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. पंधरा हजार फुटांवरून उडी मारली तर पहिलं सुमारे एक मिनिट ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येणं होतं. हवेचा दाब इतक्या झपाट्याने वाढतो की नाक चोंदलेलं असेल तर कान आणि कपाळ भयंकर ठणकतं. पॅराशूट उघडल्यावर नाक दाबून हलकेच फुंकर मारली की कान मोकळे होतात. चोंदलेल्या नाकाला हा उपाय लागू पडत नाही. सर्दी असेल तर तारीख बदला. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या केर्न्सला जाऊन प्रवाळ बघायला स्कूबा डायव्हिंग करणार असाल, तर ते आणि ही उडी यांत किमान चोवीस तास जाऊ द्या. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे उंचीवर बुडबुडे होऊ शकतात. आदल्या रात्री दारू नको. सकाळी उपाशीही जाऊ नका, हलका नाश्ता करा. रिकाम्या पोटी पॅराशूटखाली गरगरायला होतं. इन्स्ट्रक्टर गिरक्या मारायच्या का विचारेल, तेव्हा लाजून हो म्हणू नका.

कपड्यांचं गणित सोपं आहे. दर हजार फुटांना तापमान साधारण दोन अंशांनी उतरतं, म्हणजे किनाऱ्यावर पंचवीस अंश असले तरी वर ते शून्याच्या खाली असतं. अंगाबरोबरचा लांब बाह्यांचा टीशर्ट, वाकता येईल अशी पँट, लेसचे घट्ट बांधलेले बूट. ती पँट घालून घरी जमिनीवर बसा, गुडघे छातीशी आणा आणि पाय पुढे सरळ करा. गवतावर उतरताना अगदी हेच करायचं असतं आणि तंग जीन्समध्ये ते जमत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, कानातले हॉटेलवरच ठेवा, केस घट्ट बांधा. पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली हे खरं. पण त्यांच्या पाठीशी शेकडो उड्यांचा अनुभव होता, तुमच्या पाठीशी फक्त इन्स्ट्रक्टर असणार. चष्मा असेल तर त्यावर बसणारा गॉगल आधीच मागून घ्या. स्वतःचा कॅमेरा बरोबर नेऊ देत नाहीत, तेव्हा व्हिडिओचे पैसे बजेटमध्ये धरा किंवा सरळ नाही म्हणा.

जायला सिडनीच्या सेंट्रल स्टेशनवरून साउथ कोस्ट लाइनची गाडी दीड तासाच्या आसपास घेते. शनिवार-रविवारी रुळांच्या कामामुळे पुष्कळदा गाडीऐवजी बस असते, ते आदल्या दिवशी बघून ठेवा. जाताना डावीकडे बसा, समुद्र त्या बाजूला आहे. वाटेत स्टॅनवेल पार्क लागतं. १२ नोव्हेंबर १८९४ ला उड्डाणाचे प्रयोग करणारा लॉरेन्स हारग्रेव्ह तिथे स्वतः बनवलेल्या पेटीच्या आकाराच्या चार पतंगांना लटकून सोळा फूट वर गेला होता. म्हणजे हा वारा फार पूर्वीपासून कामाचा. नॉर्थ वुलनगाँगला उतरून स्टुअर्ट पार्कपर्यंत चालत जाता येतं. नोंदणी तिथे, विमान मात्र तिथून नाही. धावपट्टीपर्यंत बसने नेतात. फोटो असलेलं ओळखपत्र खिशात हवं. सही करायचा कागद लांबलचक आणि कडक भाषेतला असतो, धोके स्पष्ट लिहिलेले असतात. तो वाचूनच सही करा.

खाली थांबणाऱ्यांचीही थोडी तयारी असू द्या. टोपी, सनस्क्रीन, पाणी आणि सतरंजी लागेल, कारण वेळेवर काहीच होत नाही. फोन बहुधा तुम्ही लॉकरमध्ये ठेवलेला असणार, तेव्हा उतरल्यावर कुठे भेटायचं ते बसमध्ये चढण्याआधीच ठरवून घ्या.