दगडखाणीत कॅमेरा घेऊन जाताय? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या दगडखाणींचे फोटो इन्स्टाग्रामवर हल्ली बरेच दिसतात. धुळीत उभा माणूस, खांद्यावर पहार, खाली कॅप्शन 'कष्टकरी'. फोटो देखणा असतो, पण माणूस कोण, कुठून आला, खाण कोणती, साल कोणतं, काहीच कळत नाही. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: नोंद न ठेवणं.

लुईस हाइन या अमेरिकन फोटोग्राफरने १९०८ पासून अमेरिकेतल्या बालकामगारांचे फोटो काढले. पेनसिल्व्हेनियात कोळशातून दगड निवडणाऱ्या पोरांचे त्याचे फोटो आजही अंगावर येतात. तो नाव, वय, काम टिपून घ्यायचा. पोराची उंची स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून मोजायचा. बालमजुरीविरुद्धच्या लढ्यात ते फोटो पुरावा म्हणून उभे राहिले, त्यात या नोंदींचा मोठा वाटा होता.

'कष्टकरी'ऐवजी असं लिहा: 'वडार समाजातील महिला खडी पाटीत भरताना. कुटुंब सोलापूर जिल्ह्यातून आलेलं. मजुरी ब्रासवर.' ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मजुरी रोजावर की ब्रासवर, हे विचारल्याशिवाय घरातली एवढी माणसं कामाला का लागतात, ते समजत नाही. नोंद त्याच संध्याकाळी फोटोच्या फाइलमध्येच, तिच्या माहितीच्या रकान्यांत (मेटाडेटात) भरा. आणि फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवू नका, ही माहिती गळून जाते; डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दुसरी चूक म्हणजे माणूस फक्त कामावरच टिपणं. घण मारताना, घाम पुसताना, बस्स. खरा इतिहास वस्तीत असतो. घरात वडारी बोलली जाते, ती तेलुगूच्या जवळची. पत्र्याच्या पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत कागद असतात: रेशनकार्ड, शाळेचा दाखला, आजोबांचा पिवळा पडलेला फोटो. वडार महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतात आणि जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. कामामागे गावं बदलणाऱ्यांनी तो आणायचा कुठून? म्हणून ती पिशवी जपलेली असते. परवानगी घेऊन कागदांचे फोटो काढा, पण खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय. नाहीतर चकाकीत अक्षरं जातात. कॉपी घरच्यांना द्या. दाखल्याचे नंबर कुठेही पोस्ट करू नका.

मुकादमाला धरून खाणीत शिरणं सोपं, पण त्याच्यासमोर कुणी मोकळं बोलत नाही. बऱ्याच कुटुंबांनी त्याच्याकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. उचलीबद्दल कुणी बोललं, तर ते तुमच्या वहीत राहू द्या, चेहऱ्याशेजारी छापू नका. पोस्ट टाकून तुम्ही लोकलने घरी जाल, हिशेब त्या बोलणाऱ्या मजुराला द्यावा लागेल. सुट्टीच्या दिवशी वस्तीवर जा, आधी चहा होऊ दे.

तांत्रिक चुका थोडक्यात. खाणीत लेन्स बदलू नका, सेन्सरवर धूळ बसते. क्रशरजवळ सगळं पांढरट असल्याने कॅमेरा फसतो आणि चेहरे काळे येतात; एक्सपोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे उजेड दुप्पट घ्या. कोळशात नेमकं उलटं, तिथे कमी करा. सुरुंगाची वेळ आधीच विचारून ठेवा. लाल झेंडे लागले, शिट्टी वाजली की निघायचं. एवढा एक फोटो, ही भानगड नको.

आणखी एक, मुंबईकरांची खास चूक: शहर आणि खाण वेगळे धरणं. १९२४ साली उद्घाटन झालेल्या गेटवेचा पिवळसर बेसॉल्ट कुणीतरी फोडला, घडवला. त्याचे शंभर फोटो काढणाऱ्यांपैकी किती जण खाणीपर्यंत जातात?

चंद्रपूर-वणीकडे कोळशावर काम करायचं असेल, तर भूमिगत खाणीत साधा कॅमेरा खिशात घालून उतरायचा बेत सोडा. मिथेन असलेल्या खाणीत बॅटरी किंवा फ्लॅशच्या ठिणगीने स्फोट होऊ शकतो. खाणीच्या व्यवस्थापनाकडे लेखी परवानगी मागा, आणि ती येईपर्यंत पाळी सुटताना तोंडाशी उभे राहा.